बर्लिनला शिकायला येताय? आधी पत्रपेटीवर नाव लावा

बर्लिनच्या इमारतींत फ्लॅटला सहसा नंबर नसतो. रस्त्याचं नाव आणि बिल्डिंगचा नंबर, एवढाच पत्ता. खाली दाराशी पत्रपेट्यांची रांग असते आणि प्रत्येक पेटीवर आडनाव. पोस्टमन आडनाव वाचतो, पाकीट टाकतो. आडनाव दिसलं नाही तर पाकीट आल्या वाटेने परत.

हे मला कुणी सांगितलं नव्हतं. वेडिंग भागातल्या माझ्या पहिल्या खोलीत मी महिनाभर बँकेच्या कार्डाची वाट बघत बसले. बँक म्हणायची, दोनदा पाठवलं, दोनदा परत आलं. मी रोज त्याच घरात झोपत होते, पण पेटीवर नाव माझ्या रूममेटचं. शेवटी तिनेच वहीचं पान फाडलं, त्यावर ठळक अक्षरांत माझं आडनाव लिहिलं आणि सेलोटेपने पेटीवर चिकटवलं. आठवड्याभरात चार पाकिटं आली. त्या दिवशी मी खऱ्या अर्थाने बर्लिनला पोचले असं धरते.

नवीन येणारी मुलं विचारतात, काय काय करायचं? त्याची यादी कुठेही मिळते. अडतं ते क्रमावर. खोलीशिवाय पत्त्याची नोंदणी नाही, नोंदणीशिवाय पुढचे कागद नाहीत, आणि कागद येतात पोस्टाने. म्हणून मी क्रमाने सांगते.

निघण्याआधी

भारतातून येणाऱ्यांना नोव्हेंबर २०२२ पासून एपीएस प्रमाणपत्र लागतं. तुमच्या मार्कशीट आणि पदव्या खऱ्या आहेत याची ती तपासणी. विद्यापीठाच्या अर्जालाही लागतं आणि व्हिसालाही, त्यामुळे प्रवेशाचा विचार पक्का झाला की पहिला अर्ज याचा. अर्जांच्या मोसमात वेळ लागतो आणि फोन करून काही फरक पडत नाही.

मग श्पेरकोंटो, म्हणजे गोठवलेलं खातं. वर्षभराचा खर्च आधीच भरून ठेवायचा आणि दर महिन्याला ठरलेला हप्ताच हातात येतो. सप्टेंबर २०२४ पासून ही रक्कम वर्षाला ११,९०४ युरो, म्हणजे महिना ९९२ युरो आहे. आकडा अधूनमधून वाढतो, तेव्हा भरण्याआधी दूतावासाच्या पानावर एकदा बघाच. या खात्यातला पैसा विमानातून उतरल्या उतरल्या मिळतो असं समजू नका. इथे रोजच्या व्यवहाराचं साधं खातं उघडायचं, त्याचा नंबर तिकडे कळवायचा, मग हप्ता सुरू होतो, आणि ते साधं खातं उघडताना बऱ्याच बँका नोंदणीचा कागद मागतात. म्हणून पहिल्या दोन महिन्यांचं भाडं, डिपॉझिट आणि खाणंपिणं भागेल इतके पैसे वेगळे आणा. थोडे रोख, बाकी फॉरेक्स कार्डवर. बर्लिनमध्ये अजूनही ‘फक्त रोख’ अशी पाटी लावलेली दुकानं भेटतात.

आरोग्य विम्याचंही निघण्याआधीच ठरवा. तिशीच्या आतल्या विद्यार्थ्यांना सरकारी विमा सवलतीच्या हप्त्यात मिळतो. विमा कंपनी परस्पर विद्यापीठाला ऑनलाइन कळवते आणि त्याशिवाय प्रवेश पक्का होत नाही. तिशी ओलांडलेल्यांना ही सवलत नाही, त्यांनी पर्याय नीट वाचून निवडावा. स्वस्त दिसलेला खासगी विमा घेऊन एकदा सरकारीतून बाहेर पडलात तर शिक्षण संपेपर्यंत परतीचा रस्ता जवळजवळ बंद.

खोली: सगळ्यात अवघड पायरी

विद्यार्थी वसतिगृहं श्टुडिअरेन्डनवेर्क ही संस्था चालवते. प्रतीक्षायादी लांब असते. तरी प्रवेशपत्र हातात पडलं त्याच दिवशी नाव घाला, सहा महिन्यांनी का होईना, उपयोग होतो.

बाकी सगळे ‘वे-गे’ शोधतात, म्हणजे तीन-चार जणांचा शेअर फ्लॅट. वे-गे-गेझुख्ट या साइटवर जाहिराती येतात आणि चांगल्या खोलीला तासाभरात शंभरेक मेसेज पडतात. तोच तो मजकूर सगळ्यांना चिकटवू नका. जाहिरात वाचली आहे हे कळेल असं एक तरी वाक्य हवं: त्यांच्या मांजराबद्दल, सायकलबद्दल, काहीही. मोडक्या जर्मनमध्ये चार ओळी लिहिल्या तर उत्तर येण्याची शक्यता वाढते, हा माझा अनुभव.

मग मुलाखत. हो, मुलाखतच. स्वयंपाकघरातल्या टेबलाभोवती बसायचं, पाणी किंवा चहा समोर येतो, आणि प्रश्न सुरू. भांडी कधी घासतेस? लवकर उठतेस का? पाहुणे किती येतात? पगार किंवा मार्क कुणी विचारत नाही. इथे नम्रपणे ‘मला काहीही चालतं’ म्हणणारा माणूस मागे पडतो. काय चालत नाही ते सांगा, त्यांना त्यानेच बरं वाटतं.

आता वेळेची गोष्ट. मला फोनवर सांगितलं, ‘हाल्ब फिअर’ला ये. हाल्ब म्हणजे अर्धा, फिअर म्हणजे चार. मराठी कानाने लगेच हिशेब केला: साडेचार. पाच मिनिटं आधी, चार पंचवीसला मी बेल वाजवली. दार उघडणारीच्या चेहऱ्यावरून कळलं की काहीतरी बिनसलंय. जर्मनमध्ये ‘अर्धा चार’ म्हणजे चाराकडे निघालेला अर्धा तास, म्हणजेच साडेतीन. खोली गेली. बर्लिनमध्ये आणखी एक गंमत आहे. ‘फिअर्टेल फिअर’ म्हणजे पाव चार, अर्थात सव्वातीन, आणि ‘ड्रायफिअर्टेल फिअर’ म्हणजे पाऊण चार, अर्थात पावणेचार. शेवटच्यात आपला कान बरोबर लागतो, बाकी दोन घात करतात. वेळ नेहमी आकड्यात लिहून मागा. आकड्यांच्या बाबतीत मात्र आपण नशीबवान आहोत. पंचेचाळीस म्हणताना आपण आधी पाच म्हणतो आणि मग चाळीस, जर्मनही तसंच म्हणतात. वर्गातल्या इतर देशांच्या मुलांची यावर जी तारांबळ उडते ती बघत बसावी.

जाहिरातीत दोन भाडी दिसतील. काल्टमीटे म्हणजे नुसत्या जागेचं, वार्ममीटे म्हणजे हीटिंग, पाणी, कचरा वगैरे धरून. खिशाला लागतं ते दुसरं, आणि शेअर फ्लॅटमधल्या खोलीला ते आज सहाशे युरोंच्या पुढे सहज जातं. ९९२ मधून हे वजा करून बघा म्हणजे बजेटचा अंदाज येईल. डिपॉझिट, म्हणजे काउत्सिओन, कायद्याने जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या काल्टमीटेइतकं. त्याहून जास्त मागणाऱ्याला हा नियम सांगा.

‘मी सध्या परदेशात आहे, पैसे पाठव, किल्ली कुरिअरने येईल’ असा निरोप आला की तिथेच थांबा. फोटो सुंदर, भाडं कमी आणि मालक लांब, हे तिन्ही एकत्र आले की फसवणूकच. खोली स्वतः किंवा ओळखीच्या कुणी डोळ्यांनी बघितल्याशिवाय एक युरोही पाठवू नये.

पक्की खोली लगेच मिळत नाही म्हणून बरेच जण आधी त्स्विशेनमीटे घेतात. कुणी तीन-चार महिने बाहेरगावी जातं, तेवढ्यापुरती त्याची खोली. हे ठीक आहे, पण जाहिरातीत ‘ओने आनमेल्डुंग’, म्हणजे नोंदणी होणार नाही, असं लिहिलंय का ते बघा. लिहिलं असेल तर ती खोली फक्त डोकं टेकायला. पुढची पायरी तिथून होणार नाही.

आनमेल्डुंग

जर्मनीत घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पत्ता नोंदवावा लागतो. याला आनमेल्डुंग म्हणतात आणि ती ब्युर्गरआम्टमध्ये, म्हणजे नागरिकांच्या सरकारी ऑफिसात होते. अपॉइंटमेंट ऑनलाइन घ्यायची. कॅलेंडर बहुतेक वेळा लाल दिसेल, म्हणजे जागा नाहीत. सकाळी लवकर बसून पान पुन्हा पुन्हा उघडत राहा, रद्द झालेल्या वेळा मधूनच निळ्या होतात आणि मिनिटभरात जातात. राहत्या भागातलंच ऑफिस हवं असं बंधन नाही, शहरातलं कुठलंही चालतं. मी वेडिंगमध्ये राहून पार श्पांडाऊला गेले होते. दोन आठवड्यांत वेळ मिळाली नाही तर घाबरू नका, पण प्रयत्न केल्याचा आणि मिळालेल्या पुढच्या तारखेचा पुरावा जपून ठेवा.

सोबत पासपोर्ट, भरलेला फॉर्म आणि वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग. शेवटचा शब्द पाठ करू नका, नुसता ओळखता आला तरी पुरे. घर देणाऱ्याने ‘हा माणूस अमुक तारखेपासून इथे राहतो’ असं सही करून दिलेलं एक पान. भाडेकरार याऐवजी चालत नाही. माझ्या पुढच्या मुलाकडे सोळा पानी करार होता, हे एक पान नव्हतं. त्याला परत पाठवलं.

फॉर्ममध्ये धर्माचा रकाना असतो. तो चर्चच्या करासाठी आहे. कॅथलिक किंवा प्रोटेस्टंट असं लिहिलं तर पुढे पगार सुरू झाल्यावर बर्लिनमध्ये आयकराच्या ९ टक्के रक्कम चर्च कर म्हणून कापली जाते. बाकीच्यांना त्याचा संबंध नाही.

काउंटरवरचं काम दहा मिनिटांचं. एक पान छापून हातात देतात, शिक्का मारून. त्याचे लगेच चार-पाच स्कॅन करून ठेवा. आणि घरी जाताना वाटेत चिकटपट्टी घ्या. पेटीवर आणि बेलवर, दोन्हीकडे नाव हवं, कारण पार्सलवाला बेल वाचतो.

पेटीत काय काय येतं

दोन-तीन आठवड्यांत अकरा आकडी करक्रमांक येतो. तो आयुष्यभरासाठी एकच, नोकरी देणारा पहिल्याच दिवशी मागतो. विमा कार्ड येतं, बँकेचं कार्ड एका पाकिटात आणि पिन दुसऱ्या पाकिटात येते.

आणि एक पाकीट येतं जे सगळे जाहिरात समजून फेकतात: रेडिओ-टीव्हीच्या शुल्काचं. टीव्ही नसला तरी भरावं लागतं. पण ते माणशी नाही, घरटी आहे, महिना १८.३६ युरो. शेअर फ्लॅटमध्ये एकानेच भरायचं आणि आपापसात वाटून घ्यायचं. रूममेटकडून तिचा शुल्क क्रमांक घ्या आणि उत्तरात तो कळवा, विषय संपला. उत्तरच दिलं नाही तर थकबाकी साचत जाते आणि वर दंडही.

पिवळं पाकीट आलं तर उघडायला उद्यावर ढकलू नका. ते सरकारी किंवा कोर्टाचं असतं. पोस्टमन त्यावर तारीख लिहितो आणि मुदत त्या तारखेपासून मोजतात, तुम्ही वाचलंत की नाही याच्याशी त्यांना देणंघेणं नाही. जर्मन कळत नसेल तर फोनने फोटो काढून भाषांतर करा, मग विद्यापीठाच्या सल्ला केंद्रात दाखवा.

नोंदणीचा कागद मिळाला की त्याच आठवड्यात निवास परवान्याचा अर्जही करून टाका. बर्लिनमध्ये हे काम लांडेसआम्ट फ्युअर आइनवांडरुंग बघतं. व्हिसाची मुदत संपण्याआधी अर्ज गेलेला असणं महत्त्वाचं. उत्तर यायला महिने लागू शकतात, म्हणून अर्ज केल्याची पावती छापून पासपोर्टमध्येच ठेवा.

फिरणं

शहराचे ए, बी, सी असे पट्टे. विमानतळ सी मध्ये, त्यामुळे पहिल्या दिवशी ए-बी-सी तिकीट लागतं. कागदी तिकीट असेल तर ते फलाटावरच्या छोट्या यंत्रात घालून शिक्का उमटवायचा. शिक्का नाही म्हणजे तिकीट नाही, दंड ६० युरो. तपासनीस साध्या कपड्यांत असतात, शेजारी बसून गाणी ऐकणारा मुलगाच पुढच्या क्षणी ओळखपत्र काढतो. ‘मी नवीन आहे’ हे वाक्य त्यांनी हजारदा ऐकलेलं असतं.

प्रवेश पक्का झाला की बहुतेक विद्यापीठांच्या सत्र शुल्कातच प्रवासाचं तिकीट येतं आणि ते आता देशभरच्या लोकल आणि प्रादेशिक गाड्यांना चालतं. लांब पल्ल्याच्या ई-त्से-ए (ICE) गाड्यांना नाही.

एस-४१ ही लोकल घड्याळाच्या दिशेने शहराभोवती फिरते, एस-४२ उलट. पूर्ण चक्कर साधारण तासाभराची. पहिल्या रविवारी काही करायचं नसेल तर खिडकीशी बसून एक फेरी मारा. कुठला भाग कुठे आहे हे नकाशापेक्षा लवकर डोक्यात बसतं.

विद्यापीठात

वेळापत्रकात १० त्से-टे (c.t.) असं दिसलं तर तास सव्वादहाला सुरू होतो. एस-टे (s.t.) असेल तर बरोबर दहाला. तास संपला की टाळ्या वाजत नाहीत, मुलं बोटांच्या पेरांनी बाकावर ठकठक करतात. पहिल्या दिवशी मला वाटलं, निषेध चाललाय.

हजेरी बऱ्याच विषयांना नसते, आणि तिथेच आपली मुलं फसतात. कुणी विचारत नाही म्हणजे सगळं ठीक चाललंय असं वाटतं. परीक्षेसाठी वेगळी नोंदणी करावी लागते, ठरलेल्या तारखेच्या आत, ऑनलाइन. वर्गात बसलात म्हणून परीक्षेत बसता येईल असं नाही. माझ्या बॅचमधल्या एकाने सगळं सत्र मन लावून अभ्यास केला, नोंदणी विसरला, आणि विषय पुढच्या सत्रावर गेला. गुण उलटे: १.० सर्वोत्तम, ४.० म्हणजे काठावर पास, ५.० नापास. आणि एका परीक्षेचे प्रयत्न मोजकेच असतात, ते संपले तर तो अभ्यासक्रमच सोडावा लागतो. तुमच्या अभ्यासक्रमाची नियमावली जर्मनमध्ये असते. कंटाळवाणी आहे, तरी पहिल्या महिन्यात वाचा.

प्राध्यापकांना भेटण्याची वेळ आठवड्यातून एकदा, तासभर. ईमेल करून जा आणि प्रश्न लिहून न्या. ‘सहज भेटायला आले’ याला इथे अर्थ नाही.

अभ्यासाला कुठे बसावं यावर प्रत्येकाचं मत वेगळं. माझं मत: डाहलेमला फ्राये विद्यापीठाचं भाषाशास्त्र ग्रंथालय. वास्तुविशारद नॉर्मन फॉस्टर यांनी बांधलेलं, २००५ सालचं, घुमटाकार, लोक त्याला ‘बर्लिनचा मेंदू’ म्हणतात. तिथवर गेलातच तर चालत ईनेश्ट्रासे २२ पर्यंत जा. आज तिथे राज्यशास्त्र शिकवतात. पूर्वी ती कायझर विल्हेल्म मानववंशशास्त्र संस्था होती आणि इरावती कर्वे तिथल्याच विद्यार्थिनी. १९२८ साली त्या बर्लिनला आल्या. कवटीच्या ठेवणीवरून युरोपीय वंश श्रेष्ठ ठरतो असं त्यांच्या मार्गदर्शकांचं, ऑयगेन फिशर यांचं गृहीतक होतं. इरावतीबाईंनी मोजमापं केली आणि तसा फरक दिसत नाही असा निष्कर्ष प्रबंधात लिहिला. प्रोफेसरसमोर गप्प बसायची सवय असेल तर त्या इमारतीसमोर दोन मिनिटं उभं राहायला हरकत नाही.

काम

मार्च २०२४ पासून परदेशी विद्यार्थ्यांना वर्षाला १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं. विद्यापीठातलं सहायकाचं काम, ज्याला इथे ‘हीवी’ म्हणतात, या दिवसांत मोजत नाहीत. मिळालं तर तेच घ्या. पहिल्या सत्रात मात्र कामाच्या मागे लागू नये, असं मी ठामपणे म्हणेन.

रविवार, बाटल्या आणि शेजारी

रविवारी दुकानं बंद. हाउप्टबानहोफसारख्या मोठ्या स्टेशनातली सुपरमार्केटं आणि कोपऱ्यावरची श्पेटी, म्हणजे उशिरापर्यंत चालणारी छोटी दुकानं, उघडी असतात, पण श्पेटीत दूध महाग. शनिवारी संध्याकाळी पिशवी घेऊन बाहेर पडायची सवय लावून घ्या. बिलिंग काउंटरवर सामान इतक्या वेगाने सरकवतात की तिथे पिशवीत भरायला जाऊ नका. सगळं ट्रॉलीत लोटा, बाजूला जाऊन भरा.

प्लॅस्टिकच्या बाटलीवर आणि डब्यावर २५ सेंट अनामत असते, बिअरच्या काचेच्या बाटलीवर ८. सुपरमार्केटच्या यंत्रात टाकली की पावती मिळते. रस्त्यात रिकामी झाली आणि परत न्यायची नसेल तर कचराकुंडीत न टाकता तिच्या शेजारी उभी करून ठेवतात. बाटल्या गोळा करून गुजराण करणारे लोक आहेत, त्यांना कुंडीत हात घालावा लागू नये म्हणून.

रात्री दहानंतर आवाज नको. रविवारी ड्रिल नको, काच टाकायच्या डब्यात बाटल्याही फोडू नका. शेजारचे आजोबा दार ठोठावून समजावत नाहीत, जिन्यात चिठ्ठी लावतात. अशी चिठ्ठी लागली तर भांडू नका, जाऊन एकदा ओळख करून घ्या. माझ्या खालच्या मजल्यावरच्या आजी त्यानंतर माझी पार्सलं ठेवून घ्यायला लागल्या.

हिवाळा आणि आजारपण

डिसेंबरात सूर्य चारच्या आत मावळतो. थंडीचं काय, कपडे घालता येतात, पण अंधार अंगावर येतो. दुपारी एक ते दोन बाहेर पडायचंच, ढग असले तरी. वेळापत्रकात तो तास लिहून ठेवा.

खोलीच्या खिडक्या रोज दोन-तीनदा पाच-दहा मिनिटं सताड उघडायच्या, हीटर बंद करून. नाही उघडल्या तर भिंतीला बुरशी धरते आणि तिचा खर्च डिपॉझिटमधून वळता होतो.

जवळचा हाउसआर्ट्स्ट, म्हणजे फॅमिली डॉक्टर, बरं असतानाच शोधून ठेवा, ताप आल्यावर नवीन पेशंट घेणारा सापडत नाही. साधी पॅरासिटामॉलही फक्त औषधांच्या दुकानातच मिळते, सुपरमार्केटात नाही. दवाखाना बंद असताना डॉक्टर हवा असेल तर ११६११७. जीवावर बेतलं असेल तर ११२.

खोली सोडताना

खोली सोडताना भिंती, खिडक्या, किल्ल्या यांची नोंद दोघांच्या सहीने लिहून घ्या आणि फोटो काढा. देश सोडत असाल तर आबमेल्डुंग करा, म्हणजे नोंदणी रद्द करून घ्या. विमा आणि खाती बंद करताना तोच कागद लागतो. डिपॉझिट लगेच परत मिळेल या भरवशावर तिकीट काढू नका, हीटिंगचा वार्षिक हिशेब होईपर्यंत मालक त्यातला काही भाग अडकवून ठेवू शकतो. तो हिशेबही पोस्टाने येतो, कधी वर्षभराने.

म्हणून पेटीवरची पट्टी लगेच सोलू नका. रूममेटला सांगून ठेवा. मी वेडिंग सोडून नॉयक्योल्नला आले त्याला आता दीड वर्ष झालं, तिथे वहीच्या पानावरचं माझं आडनाव अजून आहे. मागच्या महिन्यात त्याच पेटीत हिशेबाचं पत्र पडलं. ८३ युरो परत मिळाले.